देवापुढचा टी-शर्ट

मोबाईलमध्ये कोट घालून माणसाच्या उत्पत्तीवर बोलणारे प्रोफेसर, सुयोगचं लग्न तुम्ही मोडलंत. उगाच तोंड फिरवू नका.

बाई पुरुष निवडते ती नाकानं, असं तुम्हीच म्हणालात. लाखो वर्षांपूर्वी रानातल्या बायका घामाच्या वासावरून निरोगी गडी ओळखायच्या, तेच नाक आजच्या पोरींना मिळालंय. वर प्रयोगही सांगितलात. पोरींना पुरुषांचे घातलेले टी-शर्ट हुंगायला दिले, आणि म्हणे त्यांची निवड झाली!

सुयोग राहायला चिखलोलीला, आणि उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर. कापडाची खोट लांबून ओळखणारा, पण पोरींच्या लेखी कायमचा रिजेक्ट माल. पस्तिशी आली तेव्हा तो आरशाला म्हणाला, "भावा, या तोंडावर आपलं काही जमणार नाही. आता विज्ञानच तारेल." आणि त्याने दोन दिवस साबण, सेंट आणि पाणी तिन्ही सोडलं. अंगातला टी-शर्ट काढून पिशवीत गाठ मारून ठेवला. खरवईच्या किर्तीला बघायला जायचं होतं. दोघांना बोलायला गॅलरीत पाठवतील, तेव्हा पिशवी हळूच तिच्या हातात द्यायची, असा बेत.

त्याच्या आईला, विठाबाईंना, यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी निघताना पेढ्यांच्या पिशवीबरोबर तीही उचलली.

दारात किर्तीची आजी ठमाबाई. पाहुण्यांचं गोड आधी देवाला, हा त्या घरचा रिवाज. तिने दोन्ही पिशव्या देव्हाऱ्यापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं.

"आजी, ती एक राहू द्या," सुयोग कसाबसा म्हणाला.

"लाजतं कशाला? आनलंस तं देवाला दाखवाला नको?" म्हणत तिने गाठ सोडली.

समईची ज्योत तेवढी हलली नाही. बाकी अख्खं घर हललं.

ठमाबाईने टी-शर्ट दोन बोटांत धरला. "यो काय रे?"

"आजी, ते आदिमानवाच्या काळात..."

"तुझे बापाकडचे का ते?"

किर्तीने पदर नाकाला लावला आणि शांतपणे विचारलं, "तुमच्या चिखलोलीत पाणी येत नाही का?"

विठाबाई हबकल्या. मुलाचं रूप नाही, पगार बेताचा. त्यांच्याकडे मिरवायला काय ते पाणीच होतं. "नाही गं बाई, चोवीस तास येतं. शिवाय बोअर आहे. फ्लॅट घेतला तोच पाणी बघून."

किर्तीने टी-शर्टकडे पाहिलं, मग सुयोगकडे. "मग?"

इथे गप्प बसला असता तरी निभावलं असतं. पण याचं डोकं म्हणजे उलटं शिवलेला खिसा. "मी मुद्दामच आंघोळ केली नाही," तो म्हणाला.

"पानी नसतं तं पोर दिली असती," ठमाबाई म्हणाली. "टँकरचे मागं आमीपन धावलो. पन पानी असून?"

पोहे बाहेर आलेच नाहीत. परतताना विठाबाई रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. मागच्या अख्ख्या सीटवर सुयोग एकटा, आपल्या निरोगी वासासकट.

तर प्रोफेसर, रानातल्या बायका काही साक्षीला येणार नाहीत, त्यांना सोडा. तुमचं स्वतःचं सांगा. तुम्ही मुलगी बघायला गेलात, त्या दिवशी सकाळी आंघोळ केली होतीत की नव्हतीत?