बाई बसल्या की बंद पडणारी गाडी

"बिघाड म्हणजे शेवटी गणित!" सरांनी बाह्या सरसावल्या. "एकेक शक्यता खोडत जायचं. उरेल ते उत्तर!"

सर शाळेत गणित शिकवायचे आणि विनोदसुद्धा प्रमेय मांडावं तशा चेहऱ्याने करायचे. त्यामुळे कधी हसायचं आणि कधी नुसती मान डोलवायची, हे त्यांच्या बायकोला, म्हणजे बाईंना, अजून उमगलेलं नव्हतं.

"मग काढा उत्तर," बाई म्हणाल्या. "रविवारपर्यंत. नाहीतर वरच्या मजल्यावरचे डेंटिस्ट गाडी घ्यायला एका पायावर तयार आहेत!"

ती जुनी गाडी म्हणजे सरांचा जीव की प्राण! पण बाईंचंही चुकत नव्हतं. त्या नर्स. सर त्यांना रोज हॉस्पिटलात सोडायला जात, आणि गाडी दर सिग्नलला हुडहुडी भरल्यासारखी थरथरे, काळा धूर ओके, पेट्रोलचा भपकारा सोडे आणि बंद पडे. फाटकापाशी तर वॉर्डबॉय आधीपासूनच ढकलायला उभे राहू लागले होते.

सरांनी प्लग बदलले. एअर फिल्टर बदलला. एकटेच चक्कर मारून आले. गाडी कशी लोण्यासारखी!

"अगं, चल लवकर! जिंकलो!"

बाई आल्या, पर्स अडकवली, दार ओढून घेतलं. पहिल्याच सिग्नलला गाडीला हुडहुडी! सरांना रडूच यायचं बाकी राहिलं.

गाडी ढकलत गॅरेजमध्ये नेली. बाई उतरून पर्ससकट बाकावर बसल्या. मेकॅनिकने नाक उडवलं. "पेट्रोल जास्त येतंय. चोक अडकलाय का बघा."

चोक म्हणजे डॅशबोर्डखालचं ते काळं बटण. गार इंजिनाला सकाळी जास्तीचं पेट्रोल पाजायचं असेल तर ते ओढायचं. सरांनी ओढलं, सोडलं. सुटकन आत!

"स्प्रिंग ठणठणीत आहे. चोक खोडा!"

मेकॅनिकने गाडी सुरू केली. आवाज सुरेल! बाईंना बसवलं. लगेच धडधड! त्याने डोकं खाजवलं आणि बाईंना तसंच बसवून ठेवून कार्बोरेटरचा स्क्रू पिळून पेट्रोल कमी केलं. गाडी शांत. घरी येईपर्यंत एकदासुद्धा शिंकली नाही! सरांनी आनंदाने वाटेतल्या अनोळखी माणसांनासुद्धा नमस्कार केले.

दुसऱ्या दिवशी सर एकटेच शाळेला निघाले. गाडी खोकली आणि मेली. त्यांनी बाईंना हाका मारून बोलावलं. बाई वैतागून पर्स घेऊन येऊन बसल्या. गाडी सुरू!

"म्हणजे आता वहिनींशिवाय चालणार नाही," मेकॅनिक फोनवर म्हणाला. "शाळेत जाताना घेऊन जात चला."

सर हट्टाला पेटले. वजनाचा परिणाम असेल म्हणून शेजारच्या दुकानदाराला गाडीत कोंबलं. दुकानदार म्हणजे बाईंच्या दुप्पट! तरी गाडी खोकतच राहिली. वजन खोडलं. आता खोडायला काही शिल्लकच नव्हतं.

रात्री जेवताना सरांनी अत्यंत दुःखी चेहऱ्याने निकाल सांगितला. "अगं, दोष तुझ्यात आहे. गणिताने सिद्ध होतंय."

वाढता वाढता बाईंचा हात थांबला.

"विनोद आहे का हा?"

"नाही!"

"मग विका ती गाडी! आत्ताच्या आत्ता विका!"

मेकॅनिकने पेट्रोल पुन्हा पहिल्यासारखं करून दिलं. रविवारी डेंटिस्ट खाली आले, किल्ली घेतली, गाडी सुरू केली. काय तो आवाज! सरांनी तोंड फिरवलं. डोळे भरून आले होते. गाडी हळूहळू गल्लीच्या टोकाकडे निघाली.

बाईंना जरा वाईट वाटलं. "मीसुद्धा गैरसोय ओढवून घेतली बघा. आता बसमध्ये ही धोंड मांडीवर घेऊन बसायचं," पर्स उचलून धरत त्या म्हणाल्या. आत डबा, बाटली, छत्री, वॉर्डच्या किल्ल्या. "गाडीत कशी छान खुंटी होती!"

"कुठली खुंटी?"

"ती काळी. पहिल्या दिवशी मी विचारलं, हे काय? तर तुम्हीच नाही का म्हणालात, तुझी पर्स टांगायला मुद्दाम बसवून घेतलीय?"

सरांना आठवलं. आपण केवढा झकास विनोद केला होता!

"थांबा!" ते दोन्ही हात हलवत गाडीमागे धावत सुटले. डेंटिस्टनी आरशात पाहिलं. भला माणूस! त्यांनीही खिडकीतून हात काढून प्रेमाने हलवला आणि वळण घेतलं.

सर धापा टाकत परत आले.

"एवढा जीव होता," बाई म्हणाल्या, "तर विकलीत कशाला?"