निळ्या उजेडातले पाहुणे

“स्वभाव म्हणजे दुसरं काय? डोळ्यांत कसला उजेड जातो, तेवढंच!” असं ठणकावून शिवहारने मधल्या खोलीतल्या ट्यूबलाइटला निळा जिलेटिन कागद गुंडाळला आणि खिडकीवर गोधडी टांगली. बी.एस्सी.चा निकाल लागून महिना झाला होता, पण निकालाचा ताप अजून उतरला नव्हता.

“पाहुणे येऊन राहिले, अन् हे काय लावलं?” वडील रामकिशन वैतागले.

“निळ्या उजेडात माणूस शांत होतो, बाबा!”

शांत होण्याची गरज होतीच. साखऱ्याच्या मोतीबाईंनी लेकासाठी तीन पोरी नापसंत केल्या होत्या. चौथी शिवहारची बहीण रागिणी. आणि तिला मोतीबाईंचा लेक हरिचंद मनातून पसंत होता. हे तिने फक्त दादालाच सांगितलं होतं, म्हणून तर दादाने विज्ञान पणाला लावलं!

पाहुणे रागिणीच्या गावी, डोंगरकड्याला पोचले, आत बसले आणि खरोखर शांत झाले! कारण हळदीचे पोहे त्या उजेडात जळक्या भुशासारखे काळे दिसत होते. तोंड उघडायची कुणाची छातीच होईना. अर्धा तास सगळे गप्प. शिवहार मनात म्हणाला, ‘प्रयोग यशस्वी!’

तेवढ्यात रागिणी चहा घेऊन आली.

“अगं माय!” मोतीबाई ओरडल्या. “पोरीचे ओठ काळेनिळे काहून? साप चावला का काय हिला? भाईर चला, उन्हात बघू!”

सगळे अंगणात आले. निळ्या उजेडाला सरावलेले डोळे बाहेर आल्यावर जग पिवळं दाखवतात, हे शिवहारला पाठ होतं. आठवलं मात्र आत्ता!

“कावीळ! पोरीला कावीळ झाली!” मोतीबाईंनी लेकाकडे पाहिलं. “हऱ्या, तुलाबी!” मग स्वतःचा तळहात पाहिला. “मलाबी! अन् ह्या पोरीच्या बापाच्या धोतरालाबी! जीप काढा, जीप!”

एक वाक्य बोललं असतं तर सगळं थांबलं असतं. पण शिवहार ते पुस्तकाच्या कितव्या पानावर होतं, ते आठवत होता. हरिचंद जीपकडे निघाला. रागिणीचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही.

“थांबा, मावशी. मी त्या निळ्या खोलीत आत्ताच आले होते. मला तर सगळे बराबर दिसून राहिले. निळ्या उजेडानं तुमचे डोळे फसले. दोन मिनिटं इथं बसा, जाईल.”

बसले. गेलं. धोतर पांढरं झालं.

“कुणी लावला तो उजेड?”

शिवहारने मान खाली घातली. “मी.”

मोतीबाईंनी रागिणीला जवळ ओढलं. “पोरगी पसंत हाय! किती शिकली गं?”

“दहावी.”

“अन् हा?”

रामकिशन चोरी पकडल्यासारखे पुटपुटले, “बी.एस्सी.”

“व्हय का?” मोतीबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. “बरं झालं बाई, आमी वेळेवर आलो. अजून शिकली असती तर हिचंबी असंच झालं असतं!”