हिरवा हात

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची पतंगाच्या दोराची फिरकी मी एकट्यानेच काढायची ठरवली. तरुलता, म्हणजे माझी बायको, "थांबा, मी स्टूल धरते" म्हणत होती. मी थांबलो नाही. (आपल्याच घरातली फिरकी काढायला माणसाने किती परवानग्या घ्यायच्या?) आधी फिरकी खाली आली, मग स्टूल आलं आणि शेवटी मी आलो, तो थेट उजव्या खांद्यावर.

तीन आठवडे हात झोळीत होता. झोळी सुटली तेव्हा खांदा असा धरला होता की ऑफिसात वरच्या फळीवरची फाइल काढायला मला शिपायाची मनधरणी करावी लागे. पण फाइलींचं दुःख नव्हतं. उत्तरायण, म्हणजे संक्रांत, दोन महिन्यांवर आलं होतं, आणि आमच्या अहमदाबादेत त्या दिवशी ज्या पुरुषाच्या हातात पतंगाचा दोर नसतो त्याला गच्चीवर चिक्की वाटायला बसवतात. शिवाय अठ्ठावीस वर्षं माझी फिरकी तरुलताच धरते. मी पुढे, ती दोन पावलं मागे. मी "ढील दे" म्हटलं की दोर सुटलाच म्हणून समजा. आमच्या संसारात माझं एवढं एकच वाक्य लगेच ऐकलं जातं.

आमच्या गच्चीला लागून भद्रेशभाईंची गच्ची. हा गृहस्थ साठीला आला तरी केस काळे करून, काळा चष्मा लावून पतंग उडवतो. यंदा त्यांची बायको लेकीच्या बाळंतपणाला कॅनडात गेली होती. एकदा कठड्यावरून ते म्हणाले, "भाभी, आता माझी फिरकी कोण धरणार?"

"यांचा हात वर गेला नाही तर मी मोकळीच आहे की," तरुलता म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशीच तरुलतेला बरोबर घेऊन मी व्यायामाच्या दवाखान्यात गेलो, एक्स-रे काढला आणि नाव घातलं.

तिथली ख्याती ही आमच्या पुतणीच्या वयाची मुलगी. तिच्या खोलीत एक नवा कॅमेरा होता. "काका, हा फोटो काढत नाही," ती म्हणाली. "समोरचं काय किती लांब आहे ते मोजतो. त्यावरून कॉम्प्युटर तुमच्या सांध्यांची आकृती काढतो. शेकडो लोकांचे हात बघून बघून तो शिकलाय."

मी हात उचलला. पडद्यावर काड्यांचा एक केविलवाणा माणूस उभा राहिला आणि त्याचा हात चौसष्ट अंशांवर अडकला. मी हळूच कमरेतून डावीकडे झुकलो. काड्यांचा माणूस लालभडक झाला.

"काका, तुम्ही खांदा नाही, कंबर हलवताय. ते त्याला कळतं." (ऑफिसात एकतीस वर्षं मी याच युक्तीवर काढली, साहेबांना कधी कळलं नव्हतं.)

"दीडशे अंश झाल्याशिवाय पतंग नाही," ख्यातीने बजावलं.

मग तिने माझ्या आकृतीशेजारी एक हिरवी आकृती लावली. नमुन्याचा निरोगी हात. त्याच्याबरोबर आपला हात न्यायचा. तो हिरवा हात लोण्यातून सुरी जावी तसा वर जायचा, आणि वर पोचला की मनगटाला एक ऐटबाज झटका द्यायचा.

तो झटका बघून मला शंका आली. असा झटका पतंगबाजच देतो.

"हा हात कुणाचा?" मी विचारलं.

"नाव सांगायची पद्धत नाही, काका. तुमच्याच वयाचं माणूस आहे."

"आमच्याच गल्लीतलं?"

ती हसली. "तुमच्या अगदी शेजारचं म्हणा ना!"

भद्रेशभाई! मला पक्कं कळलं. आता हा माणूस माझ्या व्यायामातही घुसला होता. रोज अर्धा तास मी त्याच्या हातामागे हात नेत होतो, आणि रोज तो माझ्या डोक्यावरून पुढे जाऊन मला झटका दाखवत होता. सांगायला लाज वाटते, पण मी जळत होतो. घरी आल्यावर मी तरुलतेपुढे गरळ ओकायचो, "काय त्या हाताची मिजास! वर जायचं तर साधं जावं, झटका कशाला? दाखवायला?"

"कुणाच्या?" ती पहिल्यांदा म्हणाली.

"त्या तुझ्या भद्रेशभाईंच्या!"

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली. मग रोज संध्याकाळी चहा देताना ती विचारू लागली, "आज काय केलं हो त्या हाताने?" आणि मी वेड्यासारखा सगळं सांगत बसायचो.

पण जळण्याचा एक फायदा असतो. डिसेंबरात मी एकशेदहावर गेलो, जानेवारी लागता लागता एकशेतीसवर. तेरा तारखेला हिरव्या हाताने झटका दिला तेव्हा भद्रेशभाईंमागे फिरकी घेऊन उभी असलेली तरुलता माझ्या डोळ्यांपुढे आली. खांद्यात काहीतरी कडकन वाजलं. एकशे एक्कावन्न! ख्यातीने टाळ्या वाजवल्या आणि कागद छापून दिला.

चौदाच्या सकाळी बोटांना लावायची चिकटपट्टी आणायला मी बाजारात गेलो. तिथे भेटेल त्याला कागद दाखवत बसल्याने परतायला दहा वाजले. जिन्यातच "काप्यो! काप्यो!" असा ओरडा ऐकू आला. वर जाऊन बघतो तर भद्रेशभाई आमच्या गच्चीवर, त्यांच्या हातात फिरकी, आणि पुढे पतंग उडवत होती तरुलता.

"या मनहरभाई!" भद्रेशभाई घामाघूम होऊन म्हणाले. "भाभींनी सकाळपासून माझे पाच पतंग कापले. शेवटी म्हटलं, समोर उभं राहण्यापेक्षा मागे उभं राहिलेलं बरं."

"तू पतंग कधी शिकलीस?" मी ओरडलो.

"अठ्ठावीस वर्षं मागे उभी राहून मी काय तुमचं टक्कल बघत होते?" असं म्हणून तिने दोर खेचायला हात वर नेला. तो लोण्यातल्या सुरीसारखा वर गेला, आणि वर पोचताच मनगटाला झटका बसून बांगड्या खळकन कोपराकडे सरकल्या.

कणीक मळण्याआधी, भांडी घासण्याआधी, माझ्याशी भांडण्याआधी ती हा झटका देते. गेली अठ्ठावीस वर्षं देते.

"तो हिरवा हात..." मी तिच्या बांगड्यांकडे बोट दाखवलं.

"तुम्ही पहिल्या दिवशी एक्स-रेला गेलात ना, तेव्हा ख्याती म्हणाली, काकी, नमुन्याला हात देता का? मी दिला. नंतर तुम्ही त्याला रोज इतक्या शिव्या घालायला लागलात, की मलाच मजा यायला लागली."

मी खिशातून कागद काढला. "एकशे एक्कावन्न अंश," मी म्हणालो.

"छान झालं," तिने आकाशावरची नजर न हलवता म्हटलं. "आता भद्रेशभाईंना जरा सोडवा. फिरकी धरा. आणि ढील द्या म्हटलं की लगेच द्या."

मी धरली. फिरकी कमरेशी धरायची असते. त्यासाठी हात फार तर वीस अंश उचलावा लागतो, आणि तेवढा माझा पहिल्या दिवसापासून उचलला जात होता.