काँप्युटरला गप्प बसवणारे पुंडलिकभाऊ

मलकापुरात पुंडलिकभाऊंच्या गॅरेजात गाडी नेली की आधी गाडीवाल्याला गप्प बसावं लागतं, मग गाडीतल्या काँप्युटरला. आमच्याकडच्या एका वकीलसाहेबांना त्यांनी सरळ विचारलं होतं, "आवाज गाडीचा आयकू का तुमचा?"

त्यांच्या आवडीच्या जुन्या गाड्यांत इंजिनात ठिणगी कधी पडायची हे काँप्युटर ठरवतो आणि ती वेळ सारखी बदलतो. म्हणून ही वेळ, म्हणजे टायमिंग, लावताना बॉनेटखालच्या दोन पिना तारेच्या तुकड्यानं जोडायच्या, म्हणजे तो आपली अक्कल चालवायचं थांबवतो. मग ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरवायचा आणि तार काढून काँप्युटरला मोकळं सोडायचं. तार राहिली तर गाडी चढावर रडते.

"हुशार मानूस अन् काँप्युटर सारखाच," भाऊ म्हणतात. "मधात बोलू देलं का काम बिघडलं."

माणूस विक्षिप्त, पण हात सोन्याचा. त्यांनी टायमिंग लावलेली गाडी चालू आहे की बंद, हे बॉनेटवर हात ठेवून बघावं लागतं.

घरी बाप-लेक दोघंच. शालूला बुलढाण्याच्या कोर्टात नोकरी लागली, तिनं तिथेच खोली घेतली. भाऊ गावभर सांगत सुटले, "बुलडाना काय परदेस हाय का बे?" निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या गाडीचं टायमिंग लावलं आणि सामान उचलायला मला, म्हणजे शेजाऱ्याला, सोबत घेतलं.

वाटेतल्या राजूर घाटाच्या चढावर गाडी रांगायला लागली. एस.टी. पुढे गेली. मग कडब्याचा ट्रॅक्टरही गेला, तेव्हा मला राहवेना.

"भाऊ, तार काढाची राह्यली वाटते."

"राह्यली नाई. ठेवली." ते रस्त्याकडेच बघत होते. "पोचाची घाई कोनाले हाय? ही उतरली का मंग घरात आवाज कोनाचा आयकू?"

इतकी वर्षं शेजारी राहून या माणसाच्या पोटात काय आहे ते मला कळलं नव्हतं.

मागे गादीच्या वळकटीला टेकलेली शालू म्हणाली, "बाबा, गाडी थांबवा."

ती उतरली, बॉनेट उघडलं, तार काढून बापाच्या खिशात घातली.

"आता बिगीनं चला. पयल्या दिवशी मी एकटी जेवनार नाई. चूल मांडू, पिठलं करू, तुमी जेवूनच जा."

भाऊंनी बाहीनं डोळे पुसले. पुढच्याच वळणावर आम्ही ट्रॅक्टर मागे टाकला.