स्टुलाचा गुन्हा

वकीलसाहेब संध्याकाळी पाळणाघरात पोचले, तेव्हा त्यांची चार वर्षांची चिमणी कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ घेऊन एका स्टुलाला बदडत होती.

"काय झालं गं?"

"स्टुलाने पाडलं." मग स्टुलाला कुरवाळून ती म्हणाली, "जा, माफ केलं."

ही मावशींची पद्धत. दोन खोल्यांत पाळणाघर चालवायचं म्हणजे पोरांचं पडणं-धडपडणं आलंच. पाडणाऱ्या वस्तूला एक चापट, मग माफी, मग पुन्हा खेळ. खटला तिथल्या तिथे निकाली! वकीलसाहेबांच्या धंद्याला असला न्याय मुळीच परवडणारा नव्हता.

"तुम्ही कुठे होतात?" त्यांनी मावशींना विचारलं.

"दूध उतू जात होतं हो. पाठ वळली तेवढ्यात चढली. चुकलंच माझं."

इतकी सरळ कबुली त्यांनी उभ्या कारकिर्दीत ऐकली नव्हती. त्यांना चेवच चढला. "अहो, टेंगूळ आहे ते, जाईल दोन दिवसांत," असं बायको म्हणाली. पण टेंगूळ जायच्या आत नोटीस गेली. निष्काळजीपणा, मानसिक धक्का, नुकसानभरपाई, सगळं तिच्यात होतं.

मावशींनी धास्तीच घेतली. स्टूल माळ्यावर गेलं, प्लॅस्टिकची घसरगुंडी विकली गेली, पळापळ बंद झाली. दिवसभर सतरंजीवर बसून पोरं इतकी कंटाळली, की एकमेकांना चावू लागली. मग आईबापांनी एकेक करून पोरं काढून घेतली आणि मावशींनी पाळणाघर बंद केलं. वकीलसाहेब कोर्टाची पायरी न चढताच जिंकले.

चिमणी अर्थातच घरी आली.

"मी ऑफिसला निघाले," बायकोने बजावलं. "काही करू नका, फक्त लक्ष ठेवा."

अशिलाचा फोन आला, वकीलसाहेबांची पाठ वळली आणि चिमणी त्यांच्याच बॅगेला अडखळून धाडकन पडली. या वेळी टेंगूळ लिंबाएवढं. आणि एकच धोशा, "मावशी हवी!"

तिला कडेवर घेऊन ते मावशींकडे गेले. खोल्या रिकाम्या होत्या. भिंतींवर पोरांच्या हातांचे डाग तेवढे उरले होते.

"मावशी, पुन्हा सुरू करा. नोटीस मागे घेतो मी."

मावशी टेंगळावर थंड पाण्याची पट्टी धरत म्हणाल्या, "तुमचं खोटं नव्हतं हो. वळलीच होती माझी पाठ. पण आता पाठ वळवायचीच भीती वाटते."

त्यांना फार वाईट वाटलं.

"कोणी पाडलं गं?" मावशींनी सवयीने विचारलं.

"बॅगेने. आणि बॅग बाबाने ठेवली."

चिमणीने बाबाच्या गुडघ्यावर एक चापट मारली. त्यांनी ती निमूटपणे घेतली.

"आता माफ केलं म्हण," मावशी म्हणाल्या.

चिमणी इकडेतिकडे पाहत होती. "घसरगुंडी कुठेय?"

मावशींनी पट्टी पुन्हा पाण्यात बुडवली.

"विकली," वकीलसाहेब म्हणाले. "माझ्यामुळे."

चिमणीने दुसरी चापट मारली. ही चांगली जोरात होती. मग ती मावशींच्या मांडीवर जाऊन बसली. माफ करायचं राहूनच गेलं, आणि वकीलसाहेब बराच वेळ गुडघा पुढे करून बसून होते.