बापूमास्तरांच्या कुर्ल्या

लग्नाची पंगत बसली होती. यजमान अगत्यानं वाकून म्हणाले, "मास्तर, जिलब्या फर्मास झाल्यायत!" बापूमास्तरांनी हातातली जिलबी पानात ठेवली आणि विचारलं, "कशावरून?"

यजमान त्या ओळीत पुन्हा फिरकले नाहीत.

ही तिसाव्या सालाच्या आगेमागची गोष्ट. रत्नागिरीतल्या एका मराठी शाळेत मी बापूंच्या हाताखाली दुय्यम मास्तर होतो. ते मला 'पंत' म्हणत आणि दिवसातून दहादा 'कशावरून?' विचारून माझा जीव नकोसा करीत. चौथीचा वर्ग त्यांच्याकडे होता. धड्यात बी रुजतं असं आलं की लगेच कुळीथ भिजायचे. एक वाटी उन्हात, एक काळोखात आणि एक चक्क कोरडी. "कोरडी कशाला?" मी विचारलं. "मोड पाण्यानंच आले हे कळणार कसं, पंत?" वाद घालून काही उपयोग नसे.

एकदा चंद्रकलांचा धडा चालला होता. खारवीवाड्यातली चंद्री शेवटच्या ओळीत बसायची, कारण तिला मासळीचा वास येतो असं बाकीच्यांचं म्हणणं. वर्षभरात तिनं तोंड उघडलं नव्हतं. ती एकाएकी म्हणाली, "गुरजी, काळोखाच्या कुर्ल्या भरलेल्या असतात. चांदण्याच्या पोकळ."

"कशावरून?" बापू आनंदानं उडालेच.

"आय सांगते."

"आय बघते की नुसतं ऐकते?"

"फोडून बघते की! आमी खातो ना!"

झालं! महिनाभर चौथीत कुर्ल्या. चंद्री मडक्यातून जिवंत खेकडे आणायची, आणि तोळे-मासे शिकवायच्या शाळेच्या तागडीत त्यांचं वजन व्हायचं. मोठी कुर्ली जड भरणारच, हे मुलांच्याच ध्यानात आलं. मग सुतळीनं पाठी मोजून सारख्या मापाच्या निवडायचं ठरलं. ज्यांना लसणीच्या वासानं मळमळे ते आमचे बापू, एका हातानं नाक दाबून दुसऱ्या हातानं कुर्ली उचलायला जात आणि चंद्री ओरडे, "मागनं धरा, गुरजी, मागनं!" ती आता तागडीशेजारी, पहिल्या ओळीत बसे. अमावास्येच्या कुर्ल्या थोड्या जड भरल्या, पण अजून दोन महिने बघितल्याशिवाय काही बोलायचं नाही, असं बापूंनी बजावलं होतं.

नेमके पौर्णिमेला शाळा कमिटीचे चेअरमन दादासाहेब वर्ग बघायला आले. मडकं कलंडलेलं कुणाच्या लक्षात आलं नाही. एका कुर्लीनं दादासाहेबांच्या धोतराचा सोगा पकडला आणि दादासाहेब बाकावर चढले. मुलं हसायला लागली, मीही फळ्याकडे तोंड करून हसून घेतलं.

"कोणी आणली ही घाण?" दादासाहेब बाकावरूनच गरजले. "त्याचं नाव आजच्या आज पटावरून कमी करा!"

चंद्री पांढरीफटक पडली. बापूंचं खोटं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

"मी आणल्या," बापू म्हणाले.

"तुम्ही? कशासाठी?"

बापू जरा अडखळले. "खायला. मला आवडतात."



नोकरी वाचली, कारण चौथीचा निकाल दरसाल उत्तम लागे. चंद्रीही शाळेत राहिली. पण कुर्ल्या खाणाऱ्या भटाला आमच्या आळीत कोण बोलावणार? श्राद्ध, मुंज, डोहाळजेवण, सगळीकडची बोलावणी बंद झाली. त्यांचं पान कुणी मांडीना.

पुढं गणेशचतुर्थीला सारी आळी दादासाहेबांकडे जेवायला निघाली. मीही निघालो होतो, पण पाय वळले बापूंच्या घराकडे. ते चुलीपुढं बसून एकट्यापुरता भात शिजवत होते.

"बापू, खोटं का बोललात?" मी विचारलं.

"ती वर्षभर गप्प होती, पंत. आत्ता कुठं बोलायला लागली होती." त्यांनी भात ढवळला. "आणि पंगतीचं म्हणाल, तर ही गेल्याला नऊ वर्षं झाली. एकट्यानं जेवायची मला सवय आहे."

मला फार वाईट वाटलं. घरी काय सांगायचं ते नंतर बघू, असं ठरवून मी पागोटं खुंटीला अडकवलं. म्हटलं, "दोन मुठी तांदूळ वाढवा. मी इथंच जेवणार आहे."

उठून त्यांनी फळीवरचं दुसरं ताट काढलं. त्यावर बोटभर धूळ होती. ते धुवायला त्यांना बराच वेळ लागला.