उमरावचं पारणं

"मुलीच्या पोटात संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंबही जाता कामा नये," मिशनच्या दवाखान्यातला गोरा डॉक्टर पुस्तकी मराठीत म्हणाला. "भुलीनंतर उलटी झाली, तर डोळ्याचे टाके तुटतील. मग डोळा पुन्हा तिरळा."

खापरच्या कापडदुकानदार झुंबरलालनं मान डोलावली. त्याची नऊ वर्षांची उमराव दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून खाटेवर निपचित पडली होती. तिला उलटी होऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. काम सोपं होतं. फक्त झुंबरलालला नातेवाईक होते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून पोरीला उपाशी ठेवा, असं डॉक्टरनं आठवडाभर आधीच सांगितलं होतं. जैनाच्या घरात उपाशी राहण्याला उपवास म्हणतात. झुंबरलालच्या आईनं, धापूबाईनं, नात उपवास करणार म्हणून गल्लीभर मिरवून घेतलं. बातमी नंदुरबारला त्याच्या सासुरवाडीत पोचेपर्यंत एकाचे आठ उपवास झाले. आता एवढ्या तपस्विनीचं पारणं, म्हणजे तिच्या तोंडी पहिला घास घालण्याचं पुण्य, सोडायला ती माणसं काही खुळी नव्हती.

दुपारी तीन बैलगाड्या दवाखान्याच्या दारात येऊन थांबल्या. पुढे सासरे उत्तमचंद, मागे मावससासू तीजाबाई, तिच्या हातात तुपानं थबथबलेल्या शिऱ्याचं पातेलं.

"पोरले काही देवानं नही," झुंबरलाल खाटेच्या आडवा आला. "डाक्टरनी संध्याकाळलगून मनाई करेल शे."

"संध्याकाळले दिन बुडी जाई," तीजाबाई म्हणाली. "दिन बुडना म्हंजे आपलामा कोन खास?"

मुद्दा बिनतोड होता. सूर्यास्तानंतर धर्म खाऊ देत नव्हता आणि त्याआधी डॉक्टर.

"मंग शिरा माघारी लई जाऊत का?" उत्तमचंदांनी इतक्या शांतपणे विचारलं, की झुंबरलालला पुढची दहा वर्षं दिसली.

"तिना बदला मी खासू," तो म्हणाला.

जावयानं आपणहून मागितल्यावर सासुरवाडीनं हात आखडता कसा घ्यावा? माणसं एकोणीस होती आणि पुण्य प्रत्येकाला हवं होतं. काळजीनं कालपासून उपाशी असलेल्या पोटात एकोणीस घास शिरा गेला. त्यात उमरावच्या श्वासाला भुलीच्या औषधाचा उग्र वास येत होता. तीजाबाईनं प्रेमानं विसावा घास भरवला आणि झुंबरलाल भडाभडा ओकला.

एकच धावपळ उडाली. त्याला शेजारच्या खाटेवर आडवं केलं. कुणी पाठ चोळली, कुणी लिंबू शोधलं, नातीच्या उशाशी बसलेल्या धापूबाईनं लेकाची दृष्ट काढायला घेतली. गोंगाट ऐकून डॉक्टर आला.

"मुलीला उलटी झाली?"

"पोरले नही," नर्स दिवलीबाई म्हणाली. "बापले."

डॉक्टरनं उमरावची नाडी पाहिली, पट्टी पाहिली. "उत्तम. भूल लवकर उतरली. आता चमचाभर साखरपाणी द्या."

"माले भूक लागनी," उमराव पट्टीखालून म्हणाली.

सूर्य अजून मावळायचा होता. सगळी सासुरवाडी जावयाला वारा घालण्यात गुंतली होती. दिवलीबाई नवापूरकडच्या डोंगरातली ख्रिस्ती बाई. तिच्या हातचं पाणी चालत नाही म्हणून धापूबाईनं खापरहून भरलेला हंडा आणला होता. तिनं कुणाला न विचारता उमरावच्या तोंडात चमचा घातला. साखरपाणी पोटात गेलं आणि पोटातच राहिलं.

"पारणं कोनी करं?" तीजाबाईनं वळून विचारलं.

सगळ्यांच्या नजरा दिवलीबाईच्या हातातल्या चमच्याकडे गेल्या. झुंबरलालला मात्र पडल्यापडल्या इतकं हायसं वाटलं, की डोळे भरून आले. टाके शाबूत होते; पुण्य कुणाला का मिळेना.

दिवलीबाईनं चमचा पुन्हा भरला आणि ती त्याच्या खाटेकडे वळली.

"तुम्हले?"

एकोणीस माणसांच्या देखत झुंबरलालनं तोंड उघडलं.